ईकोच्या सायलेन्सरला गार्ड बसवताना पत्रा नंतर, आधी बोल्ट बघा

मारुती ईको वापरणाऱ्यांसाठी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण मी गार्ड घ्यायच्या आधी शोधत होतो तेव्हा कुठेच नीट माहिती मिळाली नाही, सगळीकडे नुसतं "मस्त प्रॉडक्ट, फिटिंग एकदम परफेक्ट" एवढंच लिहिलेलं. आमची ईको डब्यांच्या धंद्याला आहे, सकाळी भोसरी आणि चाकण एमआयडीसीत डबे पोचवायचे आणि रात्री गाडी बिल्डिंगखाली रस्त्यावर उभी, आत पार्किंगला जागा नाही. म्हणून सायलेन्सर चोरीला जाऊ नये यासाठी त्याचा गार्ड भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतला. भावाच्या अर्टिगाला स्टेपनी लॉक आणि अलॉय चाकांचे लॉक नट पण घेतले, त्याबद्दल खाली लिहिलंय. गार्डला पाचपैकी साडेचार, स्टेपनी लॉकला साडेतीन, लॉक नटला चार.

आधी ईकोच का ते सांगतो, कारण नवीन गाडी घेणाऱ्या बऱ्याच जणांना हे माहितीच नसतं आणि शोरूममध्ये कोणी आपणहून सांगत नाही. ईकोचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली आहे, गाडी उंच, आणि सायलेन्सरची सगळी लाइन खालून मोकळी दिसते, माणूस सहज खाली सरकू शकतो. छोट्या हॅचबॅकच्या खाली घुसायला जॅक लावावा लागतो, इथे ती पण गरज नाही. आणि चोराला सायलेन्सरचं लोखंड नको असतं, त्याला पाहिजे असतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम या धातूंचा अगदी पातळ थर असतो. इंजिनातून येणारा कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या थरावरून जाताना कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि साधा नायट्रोजन होऊन बाहेर पडतात. चोर ती वीट काढून फोडतात, त्याची भुकटी होते, पोलिसांच्या बातम्यांमध्ये तिला सायलेन्सरची माती म्हणतात आणि तीच पुढे विकली जाते. २०२१ मध्ये रोडियमचा भाव औंसाला २५ हजार डॉलरच्या वर गेला होता, त्यानंतर खूप उतरला, पण तोपर्यंत ही चोरी कशी करायची हे सगळीकडे पसरलेलं होतं. पुणे, नगर, नाशिक या पट्ट्यात ईकोचे सायलेन्सर चोरणारी टोळी पकडल्याच्या बातम्या तेव्हापासून येतच आहेत.

आमच्या मागच्या गल्लीत एक काका स्कूल व्हॅन चालवतात, त्यांच्या ईकोचा सायलेन्सर रात्रीतून गेला. सकाळी त्यांनी सेल्फ मारला आणि अख्खी गल्ली खिडकीत आली एवढा आवाज, त्यांना पहिल्यांदा वाटलं इंजिनच गेलं. खाली वाकून बघितलं तर पाइप नाही, रबरचे हँगर तसेच लोंबकळतायत आणि जमिनीवर दोन नट पडलेले. मुलं बिल्डिंगच्या गेटवर दप्तर घेऊन उभी, पालकांचे फोनवर फोन, काकांनी ओळखीच्या दुसऱ्या व्हॅनवाल्याला हातापाया पडून पाठवलं. नवीन ओरिजिनल सायलेन्सर पाच आकड्यात जातो आणि तो सुद्धा लगेच मिळेलच असं नाही. तेवढे दिवस व्हॅन बंद आणि फी मात्र पालक कापून देणार. गॅरेजवाल्याने त्यांना बिनकॅटचा लोकल सायलेन्सर लावून देतो म्हणून सांगितलं, काकांनी नाही म्हटलं ते फार बरं केलं. त्याने डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा पेटतो, पीयूसीला अडकतो, आणि मुलांच्या व्हॅनमधून असला धूर सोडत फिरायचं हे मनाला पटत पण नाही.

आता गार्डबद्दल. बाजारात साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला ऑनलाइन मिळणारा, काळा पावडर कोटिंग केलेला पत्र्याचा कव्हर, पंधराशेपासून मिळतो. दिसायला छान, पण येताना सोबत जे नटबोल्ट येतात ते साधे षटकोनी डोक्याचे. दुसरा सळईचा पिंजरा, लोकल वेल्डर बनवतो. तिसरा म्हणजे जाड पट्ट्यांचा किंवा भोकं पाडलेल्या प्लेटचा, जो गाडीच्या खालच्या मेंबरला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, आधीपासून असलेल्या भोकांत बोल्टने बसतो. मी तिसरा घेतला. ऑनलाइनचा एक नमुना मित्राच्या गाडीला लागलेला होता तो खाली झोपून नीट बघितला. पत्रा खरंच चांगला होता पण चारही बोल्ट साध्या पान्याने सुटणारे. म्हणजे ज्या पान्याने चोर सायलेन्सर खोलणार त्याच पान्याने तो आधी गार्ड खोलणार, मग दोन हजार कशाला घालवायचे? दुकानात गेलं की प्रत्येक जण पत्रा किती एमएमचा एवढंच विचारतो, आणि विकणारा पण तेच सांगतो, तीन एमएम आहे साहेब, चार एमएम आहे साहेब. बोल्ट कुठला लावणार हे कोणी विचारत नाही, आणि सगळा खेळ तिथेच आहे.

कुठलाच गार्ड न तुटणारा नसतो, बॅटरीवरचा ग्राइंडर आणला तर कुठलंही लोखंड कापता येतं. पण ग्राइंडर लावला की आवाज होतो, ठिणग्या उडतात, वेळ लागतो, आणि रात्री गल्लीत कुत्री भुंकायला लागली की चोर पळून जातो. चोराचा सगळा हिशोब गुपचूप आणि झटपट काम उरकण्याचा असतो. गार्डने त्याला आवाज करायला लावला पाहिजे, एवढंच त्याचं काम. शांतपणे पान्याने खोलता येणारा गार्ड हे काम करतच नाही, मग तो दहा एमएमचा का असेना.

आमच्या फॅब्रिकेशनवाल्याने हे न सांगताच ओळखलं म्हणून मला तो आवडला. मी विचारलं, "दादा, बोल्ट कुठले टाकणार?" तर म्हणाला, "अॅलन टाकतो आणि छर्रा मारतो, बघा तुम्ही." मग त्याने काय केलं ते समोर उभं राहून बघितलं. अॅलन बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यातल्या षटकोनी खड्ड्यात बेअरिंगचा स्टीलचा छर्रा ठेवला, खड्ड्यापेक्षा किंचित मोठा, आणि वर पंच ठेवून हातोडीचे दोन घाव. छर्रा आत गच्च बसला, आता त्यात चावी जाऊच शकत नाही. बोल्टचं डोकं गोल आणि पट्टीत खोल बसवलेलं, त्यामुळे पकड पान्याला पण धरायला काही मिळत नाही. छर्रा कडक स्टीलचा असल्यामुळे त्यावर साधं ड्रिल पण घसरतं. चार छर्ऱ्यांचा खर्च काहीच नाही. दुसरा पर्याय म्हणजे आवळताना ठराविक जोराला ज्यांचं डोकं तुटून पडतं असे बोल्ट, ते पण चांगले, पण आमच्याकडे सहज मिळाले नाहीत. काही जण नट बोल्टला वेल्डिंगचा टाका मारून देतात, ते मी करू दिलं नाही, कारण पुढे सांगतो.

आमची गाडी सीएनजी आहे. खाली पेट्रोलची टाकी, गॅसची लाइन, वायरिंग, सगळं जवळजवळ. गाडीवर उभ्या उभ्या वेल्डिंग करणं म्हणजे आगीशी खेळ आहे, आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल न काढता वेल्डिंग केलं तर करंट उलटा फिरून ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, उडू शकतो, तो सायलेन्सर इतकाच किंवा जास्त महाग पडेल. मी दोन ठिकाणी चौकशी केली होती, एकाने सरळ सांगितलं की गाडी रॅम्पवर घ्या, अर्ध्या तासात चेसिसला अँगल वेल्ड करून देतो. मी तिथून निघालो. हा भोसरीवाला मात्र माप घेऊन गेला, प्लेट आणि पट्ट्या बाहेरच टेबलवर वेल्ड केल्या, रंग मारला आणि गाडीवर फक्त बोल्टने चढवलं. गाडीच्या बॉडीला एकही नवीन भोक पाडलं नाही. वॉरंटीत गाडी असेल तर हे फारच महत्त्वाचं, बोल्टने बसणारी आणि काढता येणारी वस्तू घ्या, चेसिसला कापाकापी वेल्डिंग अजिबात नको.

अजून दोन गोष्टी फिटिंगच्या वेळी जातीने उभं राहून बघा. एक म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. बीएस सिक्स गाड्यांमध्ये, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या, कॅटच्या पुढे आणि मागे सेन्सर असतात आणि त्यांची वायर बाहेर येते. गार्डची पट्टी त्या वायरला घासत असेल तर काही महिन्यांत इन्शुलेशन जाणार आणि इंजिनचा दिवा लागणार. आमच्या गार्डला त्याने तिथे अर्धगोल कट मारला आणि कडा फाइलने घासून गुळगुळीत केली, बोट फिरवून बघितलं मी. दुसरी गोष्ट उष्णता. कॅट चालताना कित्येक शे डिग्री तापतो, त्यामुळे चारही बाजूंनी बंद डबा बनवून घेऊ नका. हवा खेळली पाहिजे, भोकं पाहिजेत, आणि कॅटपासून गार्डपर्यंत बोटभर तरी अंतर पाहिजे. बंद डब्यात पालापाचोळा, गवत, पॉलिथिन अडकून बसतं आणि गावाकडे गाडी सुक्या गवतावर उभी केली तर ते पेटू शकतं. आमच्या गार्डला खालून लांबट खाचा आहेत, चिखल धुवून निघतो.

पैसे: गार्डचे २८०० आणि फिटिंगचे ५००, पक्कं बिल मागितलं तर त्यावर जीएसटी वेगळा लावला, तो मी आनंदाने दिला, कारण बिल पुढे कामाला येतं.

वापरून कसं वाटलं तर पहिले काही दिवस खडखड यायची, विशेषतः चाकणच्या खड्ड्यांत गाडी रिकामी असताना. परत गेलो तर त्याने पट्टी आणि मेंबरच्या मध्ये उष्णता सहन करणारी गॅस्केटची शीट टाकली, खडखड गेली, पैसे घेतले नाहीत. स्पीडब्रेकरला एकदाच घासला, तो ब्रेकर सुद्धा आमच्या इथला प्रसिद्ध उंच आहे आणि गाडीत मागे पूर्ण लोड होता. गाडीची क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची उंची, थोडी कमी होते हे लक्षात ठेवा, म्हणून पिंजरा खाली फार लोंबणारा घेऊ नका. मायलेजमध्ये मला काही फरक जाणवला नाही. पावसाळ्यात मात्र वेल्डिंगच्या जोडांवर गंज दिसायला लागला, रंग साधा मारलेला होता, तिथे घासून झिंकचा प्रायमर आणि वर हीटप्रूफ रंग मारून घेतला. कोकणात किंवा गोव्यात गाडी असेल तर सुरुवातीलाच गॅल्व्हनाइज करून मागा, खाऱ्या हवेत साधं लोखंड एका पावसाळ्यात खलास. अर्धा मार्क मी याच कारणाने कापलाय.

आणि सर्व्हिसिंग. कधी सायलेन्सर उतरवायची वेळ आली तर छर्रा मारलेले बोल्ट सहज निघत नाहीत, फॅब्रिकेशनवाल्याकडेच जाऊन कापून काढायला लागतात आणि नवीन टाकायला लागतात. ऑइल बदलायला अडचण येत नाही ना हे मी सुरुवातीलाच बघून घेतलं, त्याने ड्रेन नटची जागा मोकळी सोडली होती. सर्व्हिस सेंटरवाल्याने कुरकुर केली, पण काम केलं.

गार्ड चढवायच्या आधी अजून एक करून घेतलं ते सगळ्यांनी करावं असं मनापासून वाटतं. कॅटच्या बाहेरच्या स्टीलच्या खोळीवर एनग्रेव्हरने गाडीचा नंबर कोरला, दोन जागी. एनग्रेव्हर म्हणजे ते भांड्यांवर नाव टाकणारे वापरतात तेच मशीन, आमच्या भांड्याच्या दुकानवाल्याकडूनच नेलं होतं. चोरी झालीच आणि पोलिसांनी कुठे गोडाऊनमध्ये माल पकडला तर दहा सायलेन्सरमधून आपला कुठला हे सिद्ध कसं करणार? सगळे सारखेच दिसतात. नंबर असला तर ओळख पटते, आणि विकत घेणाऱ्याला पण तो माल हातात धरायला भीती वाटते. फोटो काढून ठेवा. आरशांच्या काचांवर पण कोपऱ्यात नंबर कोरून देतात, कार अॅक्सेसरीजच्या दुकानात मिळतं हे काम, महागड्या गाड्यांचे आरसे फार जातात त्यांनी तर नक्की करा.

जीपीएस ट्रॅकर आणि अलार्मबद्दल बरेच जण विचारतात. ट्रॅकर चांगला आहे, अख्खी गाडी चोरीला गेली तर. सायलेन्सर गेला तर गाडी जागेवरच असते, ट्रॅकर बिचारा सांगणार गाडी सुरक्षित आहे. अलार्मला शॉक सेन्सर असतो पण खालून हळूच पाना फिरवला तर तो वाजेलच असं नाही, आणि सेन्सिटिव्हिटी वाढवली तर शेजारून डंपर गेला तरी वाजतो, मग लोक कंटाळून बंद करून टाकतात. मी अलार्मवर पैसे घातले नाहीत. त्यापेक्षा गाडी भिंतीला चिकटून, सायलेन्सरची बाजू भिंतीकडे करून आणि उजेडात लावतो. सोसायटीत कॅमेरा असेल तर तो गाडीच्या खालच्या भागाकडे बघतोय का ते तपासा, बरेच कॅमेरे गेटवरच्या माणसांचे चेहरे बघायला लावलेले असतात आणि पार्किंगमध्ये फक्त गाड्यांची टपं दिसतात. आणि काही झालं तर फुटेज त्याच दिवशी पेनड्राइव्हवर घ्या, डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, जुनं फुटेज आपोआप पुसत जातो.

आता अर्टिगाचं स्टेपनी लॉक. अर्टिगाची स्टेपनी गाडीच्या मागे खालून लटकते, इनोव्हाची पण तशीच, म्हणून या दोन गाड्यांच्या स्टेपन्या जास्त जातात. लॉक म्हणजे रिमच्या मधल्या भागावर बसणारा एक जाड कप आणि त्यात गोल चावीचं कुलूप, सातशेच्या आसपास मिळालं. बसवायला सोपं, भावाने घरीच बसवलं. लोखंड ठीक आहे, पण कुलपाच्या तोंडावरची रबरी टोपी अगदी पातळ, ती पडली की चाकाने उडालेला सगळा चिखल थेट कुलपात. कात्रजच्या पुढे एकदा टायर पंक्चर झाला आणि चावी फिरेना, पाऊस पडतोय, वहिनी आणि मुलं गाडीत, भावाने डिझेल मागून आणून कुलपात ओतलं तेव्हा कुठे फिरली. म्हणून साडेतीनच. लॉक घ्याच, पण दर महिन्याला एकदा उघडून बंद करा, आत स्प्रे मारा, टोपी हरवली तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधा. आणि एक चावी गाडीत आणि एक घरी, दोन्ही एकाच किचेनला लावू नका.

अलॉयचे लॉक नट म्हणजे प्रत्येक चाकाला एक खास खाचेचा नट, जो फक्त त्याच्या सोबतच्या सॉकेटनेच सुटतो. रात्रीत चारही चाकं काढून गाडी विटांवर ठेवलेली बघितली असेल तुम्ही फोटोत, त्यासाठी हे. सॉकेट कुठे ठेवलंय ते घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. पंक्चरवाल्याला एअर गन लावू देऊ नका, गनने त्या खाचा झिजतात आणि मग आपल्यालाच चाक निघत नाही. भावाने सॉकेट जॅकच्या पिशवीत ठेवलंय आणि त्याच्या कोडचं कार्ड घरी फाइलमध्ये, सॉकेट हरवलं तर त्या कार्डवरूनच दुसरं मागवायला लागतं. स्वस्तातले लॉक नट घेऊ नका, त्यांच्यावर दुसरं सॉकेट ठोकून बसवलं की निघतात असं टायरवाल्यानेच आम्हाला दाखवलं.

बॅटरीचं पण थोडं लिहितो कारण आमचे मामा ट्रॅक्टर चालवतात. ऊसाच्या सिझनमध्ये कारखान्याच्या बाहेर ट्रॅक्टरची रांग रात्रभर उभी असते, ड्रायव्हर दमून ट्रॉलीखाली झोपलेले, आणि सकाळी सेल्फ लागत नाही कारण बॅटरीच नाही. ट्रकवाल्यांचा पण हाच त्रास, वर डिझेल जातं ते वेगळंच. तिथे बॅटरी बॉक्सवर आडवी अँगलची पट्टी आणि तिला आतून लपलेलं कुलूप, हेच काम करतं, बाहेर लोंबणारं कुलूप एका टॉमीच्या झटक्यात तुटतं. मामांनी तेच केलंय, आणि बॅटरीवर मोठ्या अक्षरात ट्रॅक्टरचा नंबर रंगवलाय.

बाइकवाल्यांनो, हेल्मेट नुसता पट्ट्याने लॉकला अडकवून जाऊ नका, पट्टा कापायला ब्लेड पुरतं. स्टीलची पातळ केबल आणि छोटं कुलूप दोनशे रुपयात मिळतं, ती हेल्मेटच्या हनुवटीच्या भागातून ओवता येते. बाकी डिकीत मावत असेल तर डिकीत टाका.

इन्शुरन्सचं नीट समजून घ्या, इथे खूप लोकांचा गैरसमज आहे. थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर चोरीचं काहीच मिळत नाही. दुचाकीच्या स्टँडर्ड पॅकेज पॉलिसीत पण स्पष्ट लिहिलेलं असतं की गाडीच सोबत चोरीला गेल्याशिवाय नुसत्या अॅक्सेसरीजच्या चोरीचे पैसे मिळणार नाहीत. कारच्या फुल पॉलिसीत सायलेन्सर हा गाडीचाच पार्ट असल्यामुळे क्लेम लावता येतो, पण धातूच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापतात, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, झिरो डेप असेल तरच ते वाचतात. वर कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे आपण स्वतः सोसायची ठराविक रक्कम, आणि सगळ्यात मोठं म्हणजे नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियममधली सूट जाते, जी पाच वर्षं क्लेम न केल्यावर ५० टक्क्यांपर्यंत पोचलेली असते. काकांनी हिशोब केला तर हातात येणारी रक्कम आणि पुढच्या वर्षीचा वाढलेला प्रीमियम यात फार थोडा फरक उरला, त्यांनी क्लेम केलाच नाही. आणि बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम, फॉग लॅम्प, अलॉय हे पॉलिसी घेताना वेगळे लिहून घेतले नसतील तर इन्शुरन्स कंपनी ते मोजतच नाही. रिन्यूअलच्या वेळी एजंटला बिलं द्या आणि पॉलिसीच्या कागदावर रक्कम चढली की नाही ते स्वतः बघा.

पोलिसांत तक्रार द्याच, चोरी छोटी असली तरी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, चोरी कलम ३०३ मध्ये येते आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणं कलम ३१७ मध्ये. नवीन कायद्यात पाच हजारांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र धरलीय, म्हणजे ठाण्यात एफआयआर न होता फक्त एनसी, म्हणजे साधी नोंद, होते आणि तपास पुढे सरकत नाही. म्हणून म्हटलं बिल जपून ठेवा, वस्तूची किंमत कागदावर दाखवता आली पाहिजे. काका ठाण्यात गेले तेव्हा आरसी, नवीन सायलेन्सरचं कोटेशन आणि पडलेल्या नटांचा फोटो घेऊन गेले, एफआयआर झाली. गाडी जागेवरून हलवायच्या आधी खालचे फोटो काढलेले होते हे फार उपयोगी पडलं, पंचनाम्याला तेच लागले. तुम्ही पण घाईत गाडी सरळ गॅरेजला नेऊ नका.

आणि एक विनंती आहे, ती कळकळीने करतोय. स्वस्तात मिळतोय म्हणून बिनबिलाचा जुना ओरिजिनल सायलेन्सर, आरसा किंवा स्टेपनी घेऊ नका. नवीन पार्ट मिळत नाही, गाडी उभी आहे, पोटापाण्याचा प्रश्न आहे, हे सगळं मला समजतं, आमची पण गाडी धंद्याचीच आहे. पण तो पार्ट कोणाच्या तरी स्कूल व्हॅनखालून आलेला असतो, आणि आपण घेतला की पुढचा आपल्या खालून जातो. काकांना पण असाच एक निम्म्या किमतीत सांगितला होता, ते म्हणाले, "अरे, माझाच मला विकत असतील." त्यांनी नवीनच घेतला, हप्त्याने.

काकांची व्हॅन आता त्याच भोसरीवाल्याकडून गार्ड लावून फिरतेय, त्यांच्या ग्रुपमधल्या बाकी व्हॅनवाल्यांनी एकत्र जाऊन ऑर्डर दिली म्हणून त्याने प्रत्येकी तीनशे कमी केले. तुम्ही पण चार पाच ईकोवाले मिळून गेलात तर भाव नक्की कमी होईल. कुठल्याही चांगल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे हे होतं, त्याला एवढंच सांगायचं: गाडीवर वेल्डिंग नको, बोल्ट अॅलनचे आणि छर्रा मारून, सेन्सरच्या वायरला कट, ड्रेन नट मोकळा, खाली हवेला भोकं, जोडांवर झिंक प्रायमर. नोव्हेंबर २०२२ नंतरची नवीन इंजिनची ईको असेल तर जुन्या गाडीच्या मापाने तयार ठेवलेला गार्ड घेऊ नका, गाडी तिथे नेऊन माप घ्यायला लावा.